कार्ड क्रमांक चौदा

“सर, होस्टेलचा खिळा निघतोय.”

“सुताराला सांग.”

“सुतारानं तीनदा ठोकलाय. तिन्ही वेळा निघाला. म्हणून तुमच्याकडं आले.”

शनिवार होता, दुपारचे चार वाजले होते. जाळीपलीकडे अकरावीतली शिवकांता बिरादार उभी होती. जाळीअलीकडे मी. उदगीरच्या ‘त्वरण क्लासेस’मध्ये जिन्याखाली एक खोली होती. पूर्वी तिथे पाण्याची मोटर असायची. मोटर जळाली, तेव्हा तिथे मला बसवण्यात आलं. बाहेर पाटी होती ‘डाउट काउंटर’. मी भौतिकशास्त्रात एम. एस्सी. होतो, वय सव्वीस, आणि तीन वर्षं झाली तरी मुलं मला येरोळकर सर म्हणत नसत, डाउट सर म्हणत.

काउंटरची पद्धत अशी होती. मुलाने डाउट वहीत लिहायचा, खाली सही करायची. मी तो सोडवायचा आणि समोर सही करायची. मग शिक्का. शिक्के दोन होते: ‘डाउट क्लिअर’ आणि ‘अभ्यासक्रमाबाहेर’. आलेला डाउट त्याच दिवशी संध्याकाळी निकालात काढायचा, हा नियम. वही पालकांना दाखवायला असे. पालक शिक्के मोजत, कुठला कोणता ते बघत नसत. त्यामुळे पहिला शिक्का क्वचित लागे.

“खिळा भौतिकशास्त्रात येत नाही,” मी म्हणालो.

“दोरी येते की, सर.” तिने जाळीतून गुलाबी कार्ड आत सरकवलं. “कपडे वाळत घालायची दोरी हाय. भिंतीपासून भिंत बारा फूट. सैल बांधली की कपडे फरशीला लागतात, म्हणून आम्ही ताठ बांधतो. ओले कपडे सहा किलो. तुमचं कार्ड चौदा म्हणतंय, वजन एक, दोऱ्या दोन, ताण अर्धा. म्हणजे एका खिळ्यावर तीन किलो. तीन किलोनं खिळा निघतंय का?”

किलोला बल म्हणू नये हे मला माहीत होतं. पण काउंटरवर न्यूटन म्हटलं की मुलं एकदम परीक्षेसारखी वागायला लागत, म्हणून मी किलोच चालू दिले.

मी कागद घेतला. दोरी काढली, मध्ये वजन लटकवलं. दोरी उभी असेल तर तिचा सगळा ताण वजन उचलण्यात जातो, तिला सांगितलं. तिरकी असेल तर थोडाच भाग उचलतो, बाकीचा दोन भिंतींना एकमेकींकडे ओढत बसतो. झोळ जितका कमी, तितका उचलणारा भाग लहान. वजन तर तेवढंच आहे. मग एकूण ताण वाढतो. झोळ पार शून्य करायचा म्हटलं, तर जगात तेवढा ताण नाही.

“तुमचा झोळ किती?”

“तीन इंच असंल.”

“मग खिळ्यावर बहात्तर किलो.”

ती म्हणाली, “म्हणजे आमच्या रेक्टर मॅडमच खिळ्याला लोंबकळाल्यात.”

“आडव्या,” मी म्हणालो.

ती हसली, मीही हसलो. मग तिने कार्डावर बोट ठेवलं. “मग हितं अर्धा कशाला लिहिलंय?”

क्लास मुलांना आणि पालकांना वाटत असे ती सूत्रांची कार्डं माझ्या हातची होती. मागच्या बाजूला फोटो क्लासचे मालक प्रा. विश्वंभर हलगरकर यांचा, पुढचा मजकूर माझा. चौदाव्या कार्डावर मी आधी लिहिलं होतं, ‘दोरी उभी असल्यास’. हलगरकर सरांनी ते तीन शब्द लाल पेनाने खोडले होते. “अट घातली की मूल थांबतं, येरोळकर. थांबलं की सेकंद जातात. एका प्रश्नाला पंचवीस सेकंद. अटी कॉलेजात शिकवू द्या.”

“कार्ड परीक्षेसाठी आहे,” मी शिवकांताला म्हणालो. “दोरीसाठी नाही.”

हे वाक्य तिने जसंच्या तसं वहीत उतरवलं. तीन इंच, बारा फूट, बहात्तर किलो, सगळं लिहिलं. मी समोर सही केली आणि ‘डाउट क्लिअर’ मारला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, गुणगौरव सोहळा होता. सीईटीचा निकाल लागलेला होता. लातूरला निघालेली मुलं उदगीरलाच थांबवणं हा क्लासचा हेतू होता. त्यासाठी लातूरपेक्षा मोठा फ्लेक्स लागतो, असा हलगरकर सरांचा अभ्यास होता. तीस फूट लांब, बारा फूट उंच. वर गुणवंतांचे ऐंशी चेहरे, मधोमध सर, आणि तळाशी एका ओळीत प्राध्यापकवृंद. त्या ओळीच्या मध्यावर, त्या वर्षी प्रथमच, मी.

हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण पुढे जे झालं ते याच्यामुळे झालं. त्वरणमध्ये एक न लिहिलेला नियम होता. फ्लेक्सवर आलेला मास्तर पुढच्या वर्षी स्टार बॅचला उभा राहायचा. न आलेला जिन्याखाली बसायचा. तीन वर्षं मी त्या फोटोची वाट बघत होतो. रविवारी सकाळी सात वाजता मी दोनदा जाऊन तो बघून आलो. फ्लेक्स अजून जमिनीवर पसरलेला होता, आणि एक कुत्रं माझ्याच शेजारी, रसायनशास्त्रावर बसलं होतं.

फ्लेक्स रस्त्यावर आडवा टांगायचा होता. काम मेहबूबसाब मंडपवाल्यांचं. साठीचे गृहस्थ, दाढीला मेंदी, गावातलं लग्न असो नाहीतर उरूस, दोरी त्यांचीच. अंगठ्याएवढी जाड नायलॉनची दोरी त्यांनी समोरच्या इमारतीच्या खांबाला बांधली होती. अलीकडचं टोक आमच्या गच्चीवरच्या लोखंडी सांगाड्याला. त्या सांगाड्यावर ‘त्व’, ‘र’ आणि ‘ण’ अशी माणसाएवढी तीन अक्षरं उभी होती. सांगाडा सरांच्या मेहुण्याने वेल्डिंग करून दिलेला.

आठ वाजता फ्लेक्स वर गेला. दोरीला मध्ये दोन हात झोळ होता. पालक जमायला लागले होते, चाळीसेक असतील. मुलींना स्वागताची ताटं देऊन फाटकाशी उभं केलं होतं, त्यांत शिवकांता होती.

हलगरकर सर बाहेर आले. सफारी, कपाळाला गंध. त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड कडू झालं.

“मेहबूबसाब, हे काय? वाळत घातलाय काय फ्लेक्स?”

“झोळ ठेवलाय, सर.”

“ते दिसायलंय. काढा. पलीकडच्या क्लासचा बघा कसा लोंबायलाय. पालक हसायलेत. आपला फुटपट्टीसारखा पाहिजे.”

“सर, एवढ्या रुंद रस्त्याला दोन हात झोळ लागतोच. ताठ दोरी भिंत मागते.”

“भिंत मागते!” सर पालकांकडे वळले. “ऐकलं का? दोरी भिंत मागते म्हणे. मागू द्या, आपल्याकडं चार आहेत.”

पालक हसले. ज्यांना विनोद कळला नाही ते जास्त हसले, कारण मुलं क्लासमध्ये होती.

“येरोळकर, इकडं या. तुमचाच चेहरा दुमडलाय बघा.”

खरं होतं. झोळामुळे फ्लेक्सच्या मध्यावर घड्या पडल्या होत्या, आणि त्यांतली सगळ्यात खोल घडी माझ्या नाकाखालून गेली होती. मला खालचा ओठ नव्हता.

“सांगा यांना,” सर म्हणाले. “फ्लेक्सचं वजन किती?”

“खालच्या पाइपासकट चाळीस किलो, सर.”

“टोकं किती?”

“दोन.”

“ताण किती?”

चाळीस पालक माझ्याकडे बघत होते. बऱ्याच जणांच्या खिशातून गुलाबी कार्डं डोकावत होती. फाटकाशी शिवकांता ताट धरून उभी होती, तीही बघत होती. मेहबूबसाबही बघत होते. त्या तीन-चार सेकंदांत मी गणित केलं. रस्ता चाळीस फूट. झोळ दोन हातांवरून वीतभर केला तर सव्वाशे-दीडशे किलोंचे पाचशेच्या वर जातात. दोरी धरेल. सांगाडा धरेल का, ते मेहुण्यालाच माहीत. हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं. आणि वर, नाकाखाली घडी पडलेला माझा चेहराही दिसत होता.

“वीस-वीस किलो, सर,” मी म्हणालो.

“कार्ड?”

“चौदा.”

“झालं. वीस किलो! हे एम. एस्सी. आहेत, मेहबूबसाब.”

मेहबूबसाबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “तुम्ही शिकलेले माणसं,” एवढंच म्हणाले. मग गच्चीवर जाऊन त्यांनी दुहेरी दोरीत पहार घातली आणि पीळ द्यायला सुरुवात केली. फ्लेक्स हळूहळू वर आला. घड्या उलगडल्या. मला ओठ आला. टाळ्या वाजल्या.

वरून ‘कुईं’ असा आवाज झाला. मेहबूबसाब थांबले. “सर, सांगाडा बोलायलाय.”

“नवीन लोखंड आहे, बसतंय जागेवर. द्या आणखी एक पीळ.”

त्यांनी दिला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी, फ्लेक्सखाली रस्त्यावरच घातलेल्या व्यासपीठावर, शिक्षणाधिकारी दीपप्रज्वलनासाठी वाकले. वारा अजिबात नव्हता. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे वारा या कथेत येणार आहे. समईच्या पाचही ज्योती सरळ उभ्या होत्या. तेवढ्यात गच्चीवर काहीतरी कडकडलं आणि आमचं नाव खाली यायला लागलं. ‘र’ आणि ‘ण’ कठड्यावर अडकले. ‘त्व’ पहिल्या रांगेवर आला. त्यामागून फ्लेक्स, सावकाश, रुबाबात, ऐंशी गुणवंतांसह सगळ्या व्यासपीठावर पसरला. खालून माणसं सरपटत बाहेर यायला लागली. शिक्षणाधिकारी जिथे उभे होते तिथे एक उंचवटा होता, आणि त्या उंचवट्यावर नेमका माझा चेहरा होता. घडी एकही नव्हती.

हसण्यासारखं एवढंच. ‘त्व’ ज्यांच्या खांद्यावर पडला ते निवृत्तीराव, जिल्ह्यात तिसऱ्या आलेल्या मुलाचे वडील. त्यांचं खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून पोलिसांत फोन गेला. दुपारी दोनला निरोप आला, फौजदार येताहेत, निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करायचाय, जबाबदार कोण ते लेखी द्या.

हलगरकर सरांनी केबिनचं दार लावलं.

“लिहा, येरोळकर. ‘भौतिकशास्त्रीय अभिप्राय.’”

मी लिहिलं.

“‘दोरी निकृष्ट दर्जाची होती.’”

“सर, दोरी तुटलेली नाही. अख्खी अंगणात पडलीय. फौजदार बघतील.”

“मग सांगाडा...” ते थांबले.

“कार्डाप्रमाणं सांगाड्यावर वीसच किलो होते, सर. वीस किलोनं पडला म्हटलं तर...”

“तर मेहुणा.”

“हो.”

“आणि ताठ केल्यानं ताण वाढला म्हटलं तर?”

“तर कार्ड.”

सर खिडकीपाशी गेले. मला वाटलं, ते विचार करताहेत. इतक्या वर्षांत त्यांना ते गणित आठवत नसावं, असंही मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे मला जरा मोठं झाल्यासारखं वाटलं.

“येरोळकर,” ते पाठमोरेच म्हणाले, “तुम्हाला काय वाटतं, मला साइन थीटा येत नाही? हे गणित मी अठ्ठ्याऐंशी साली नांदेडला फळ्यावर सोडवलंय. चार पद्धतींनी.”

“मग सकाळी...”

“सकाळी चाळीस पालक उभे होते. त्यांच्या खिशात कार्ड होतं.” ते वळले. “तुम्हाला येत नव्हतं का सकाळी?”

मी पेन उघडलं.

“लिहा. ‘नियमानुसार ताण प्रत्येकी वीस किलो होता. तथापि मंडपवाल्याने कोणतीही सूचना नसताना स्वतःच्या मनाने नियमबाह्य ताण दिला.’”

“नियमबाह्य ताण म्हणजे, सर?”

“नियमात बसत नाही तो. खाली सही करा. पदवी लिहा. उद्या सकाळी सातला स्टार बॅच घ्यायची आहे तुम्हाला.”

मी सही केली. पदवी लिहिली.

फौजदार गुट्टे चार वाजता आले. जाडजूड माणूस, थकलेला. त्यांनी पंख्याखाली खुर्ची ओढली, अभिप्राय वाचला, परत वाचला. मेहबूबसाब बाकावर बसले होते, टोपी हातात. दाराशी सहा-सात पालक. मुली ताटं आणून ठेवत होत्या.

“ह्यात लिहिलंय, तुम्ही मनानंच ताठ केलं,” फौजदार म्हणाले.

“मी कशाला करू, साहेब? चाळीस वर्षं झाली, झोळ ठेवून बांधतोय. एक मंडप पडला नाही. आता हे नाव लागलं तर कोण दारात उभं करंल मला?”

“आणि हे नियमबाह्य ताण काय हाय?”

“टेक्निकल आहे,” हलगरकर सर म्हणाले.

“सांगा की. मी बारावी सायन्स नापास हाय, अर्धं तरी कळंल.”

सरांनी सांगितलं. चाळीस किलो, दोन टोकं, वीस-वीस.

“वीस किलोनं लोखंड पडतंय?”

“नियमानं नाही पडत.”

मेहबूबसाब उठले. बाकाखालून त्यांनी दोरीचा तुकडा काढला. “साहेब, दोरी हाय हितं. तुम्हीच बघा.”

पाहुण्यांसाठी ठेवलेला पाच लिटरचा पाण्याचा जार त्यांनी दोरीच्या मध्ये बांधला. एक टोक हलगरकर सरांच्या हातात दिलं, एक माझ्या. फौजदारांनी हरकत घेतली नाही. उलट खुर्ची वळवून नीट बसले.

“करा ताठ,” मेहबूबसाब म्हणाले. “फुटपट्टीसारखी.”

आम्ही ओढली. जार वर आला. चार बोटं झोळ राहिला. आणखी ओढली. झोळ तिथेच. सरांचा बूट फरशीवरून सरकायला लागला, त्यांचं गंध घामात उतरलं. माझ्या तळव्यात दोरी रुतली. जार मध्ये निवांत डुलत होता.

“प्रत्येकी अडीचच किलो आहे ना, सर,” ताटांपाशी उभी असलेली शिवकांता म्हणाली.

“ओढा, सर, ओढा,” फौजदार म्हणाले. “एवढे शिकलेले दोघं दोघं.”

कोणीतरी पालक फिस्सकन हसला आणि लगेच खोकला.

“पुरे,” फौजदार म्हणाले. आम्ही दोरी सोडली. “ताठ करायला किती जीव जातो ते कळलं मला. ताठ केल्यानंच पडलं. आता एकच सांगा, ताठ करा म्हणलं कोण?”

सकाळी टाळ्या वाजवणारे पालक आपापल्या चपलांकडे बघत होते. फौजदारांनी एकेकाला विचारलं. एकाने नुकतंच आलो म्हटलं, दुसरा फोनवर होता, तिसऱ्याला ऐकू कमी येतं हे आम्हाला तेव्हा प्रथम कळलं.

“हलगरकर सर म्हणले,” शिवकांता म्हणाली. “मी फाटकातच होते. आणि येरोळकर सर म्हणले, वीस किलो.”

“लहान मुलगी आहे,” सर म्हणाले. “घाबरलीय.”

ती घाबरलेली दिसत नव्हती. फौजदार माझ्याकडे वळले. “एका पोरीच्या शब्दावर मी लिहू शकत नाही. येरोळकर सर, तुम्ही तिथंच होताव म्हणे.”

मेहबूबसाब नुसते बघत राहिले, सकाळी बघितलं होतं तसे.

“गर्दी होती, साहेब,” मी म्हणालो. “मला नीट ऐकू आलं नाही.”

पाच वाजता मी काउंटरवर जाऊन बसलो. काउंटर रविवारीही बंद नसे. केबिनमध्ये फौजदार पंचनामा लिहीत होते, त्यांच्या पेनाची करकर जिन्याखालपर्यंत येत होती. समोरच्या बाकावर मेहबूबसाबांना बसवून ठेवलं होतं.

जाळीतून वही आत आली. डाउट लिहिलेला होता, खाली सही होती.

‘फ्लेक्सचे वजन ४० किलो. रस्ता ४० फूट. झोळ वीतभर, म्हणजे ९ इंच. तर सांगाड्यावर ताण किती? हे कार्ड १४ प्रमाणे सोडवावे की दोरीप्रमाणे?’

“सर, फौजदारांनी अजून कागदावर सही केलेली नाही,” शिवकांता हळूच म्हणाली. “तुम्ही नुसतं सोडवा. सही करा. वही मी नेऊन दाखवते. तुम्हाला आत यायची पण गरज नाही.”

दोन ओळींचं गणित होतं. कागदही लागला नसता. आदल्या दिवशीची नोंद त्याच पानावर वर होती, माझ्या सहीसकट, निळ्या शिक्क्यासकट. बाकावरून मेहबूबसाब बघत होते. केबिनचं दार अर्धं उघडं होतं आणि आत कोपऱ्यात फ्लेक्स उभा केलेला होता, गुंडाळून.

“आजच्या आज निकालात काढायचा नियम हाय ना, सर?”

“आहे,” मी म्हणालो आणि ‘अभ्यासक्रमाबाहेर’ मारला.

तिने वही स्वतःकडे वळवली. शिक्का वाचला. मग सहीच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, “इथं राहिली, सर.”

“शिक्का मारला की सही लागत नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि गेली.

पंचनाम्यात आलं, ‘जोराच्या वाऱ्याने’. वाऱ्याविरुद्ध गुन्हा दाखल होत नाही. निवृत्तीरावांनी जबाबात वाऱ्याला दुजोरा दिला, त्यांचा धाकटा अकरावीत होता. मेहबूबसाबांना सोडलं. नाव कागदावर लागलं नाही, गावात लागलं. पुढच्या महिन्यात त्या गल्लीतल्या तीन कार्यक्रमांचे मंडप बाहेरून आले. जाताना त्यांनी स्वतःची दोरी गुंडाळली, मग कोपऱ्यातला फ्लेक्स उलगडून, झटकून, नीट गुंडाळून माझ्या हातात आणून दिला.

“घ्या, सर. सुरकुती काढलीय.”

सोमवारी सकाळी सातला मी स्टार बॅचला उभा राहिलो. आठवड्याने शिवकांताचे वडील कॉलेजातून तिचा दाखला घेऊन गेले. लातूरला घातली म्हणे. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

आज त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली. हलगरकर सर थकले, क्लास आता मी चालवतो. फ्लेक्सवर मधोमध मी असतो. फ्लेक्स बांधायला कोण येतो मला माहीत नाही. दोन हात झोळ ठेवायला मात्र मी निरोप पाठवतो. चौदावं कार्ड अजून आहे. त्यावर ‘दोरी उभी असल्यास’ हे तीन शब्द मी परत घातले. सर निवृत्त झाले, त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे अकराव्या वर्षी. तीन शब्द.

मागच्या महिन्यात जिन्याखालची खोली रिकामी केली. रद्दीत जुन्या डाउट वह्या निघाल्या. ते पान शोधायला लागलं नाही, वही तिथेच उघडायची सवय झाली असावी तशी उघडली. वर शनिवारची नोंद: ‘कार्ड परीक्षेसाठी आहे, दोरीसाठी नाही’, समोर माझी सही. खाली रविवारची. विचारणाऱ्याची सही आहे, सोडवणाऱ्याची नाही.

मी खुर्ची ओढली आणि गणित सोडवलं. दोनच ओळी. पाचशे तेहेतीस किलो. रिकाम्या रकान्यात सही केली. जुना शिक्का काही खोडता येत नाही, म्हणून त्याच्या शेजारी दुसरा मारावा म्हटलं, आणि शिपायाला हाक मारली.

त्याने काउंटरच्या खणातून दोन्ही शिक्के आणून माझ्यापुढे ठेवले. ‘अभ्यासक्रमाबाहेर’चं रबर मध्ये दोनदा बदललेलं, आणि तरी झिजून सपाट झालेलं. ‘डाउट क्लिअर’ अठरा वर्षांपूर्वी होता तसाच होता.